गोड्या पाण्याचे किनारे : लेखांक ६ – चालता दांडा

मागील लेखांकात ईरी सरोवराचा पश्चिमेकडील उथळ भाग आपण पाहिला. तेथून दक्षिण तीराने पूर्वेकडे येऊ लागले म्हणजे पेनसिल्व्हेनिया संस्थानातील ईरी नगरासमोर, किनाऱ्यापासून सुटून पाण्यात शिरलेला आणि पुढे पूर्वेस वळलेला, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा दृष्टीस पडतो. फ्रेंचांनी त्यास 'प्रेस्क आईल', म्हणजे 'जवळजवळ बेट', असे नाव दिले, ते आजतागायत कायम आहे. मालवणाजवळचे देवबाग ज्यांनी पाहिले आहे त्यांना या भूमीचे रूप निराळे सांगावयास नको. फरक आहे तो पाण्याचा. येथे डोळ्यांस जाणवेल अशी भरती-ओहोटी नाही, स्नान करून आल्यावर अंगावर मीठ चढत नाही. परंतु पश्चिमेचा वारा सरोवराच्या लांबीवरून सुटला म्हणजे ज्या लाटा येतात, त्यांना सागराच्या लाटा म्हणण्यास कोणी कचरणार नाही.

सकाळी पाण्याच्या कडेने चालताना फिकट वाळूवर जांभळट-काळी अशी एक बारीक रेघ दिसली. चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन उन्हात धरली, तो तिच्यात गार्नेटचे तांबूस कण चमकू लागले; लोहचुंबक जवळ नेताच काळे कण शहारल्यासारखे उभे राहिले. हे दोन्ही कण वजनाने जड, म्हणून हलकी वाळू लाटेबरोबर परत जाते आणि हे मागे राहतात. उत्तरेच्या कॅनडातील पुरातन खडक हिमयुगातील बर्फाने दळून दक्षिणेस आणला, त्यातलेच हे दाणे होत.

ही वाळू येथे स्थिर मात्र नाही. तिरप्या येणाऱ्या लाटा तिला कणाकणाने पूर्वेकडे ढकलतात, त्यामुळे दांड्याची मान झिजते, टोक वाढते, आणि अवघी भूमीच पूर्वेस सरकत राहते. एकोणिसाव्या शतकात ही मान वादळांनी एकाहून अधिक वेळा फोडली.

दांड्याच्या आडोशास जो शांत उपसागर निर्माण झाला, त्याने १८१३ साली अमेरिकेच्या आरमारास आश्रय दिला. त्या आरमाराचा सेनानी ऑलिव्हर पेरी याची प्रमुख जहाजे येथेच बांधली गेली. उपसागराच्या मुखाशी वाळूचा उथळ बांध असल्याने शत्रूच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या, जहाजांना आत शिरता येईना, परंतु तोच बांध पेरीच्या 'लॉरेन्स' व 'नायगारा' या जड जहाजांनाही बाहेर पडू देईना. तेव्हा तोफा उतरवून, पाण्याने भरून बुडवलेले पोकळ लाकडी तराफे जहाजास दोहों बाजूंनी जखडले, आणि मग त्यांतले पाणी उपसून जहाज वर उचलले, अशी तजवीज करून ती बांधावरून ओढून काढली. त्यानंतर १० सप्टेंबर रोजी झालेल्या लढाईत ब्रिटिश आरमार शरण आले.

१९२१ पासून ही जागा सरकारी उद्यान आहे. पश्चिमेकडील दरडी ढासळत तेव्हा त्यांची माती-वाळू या दांड्यास मिळे. लोकांनी आपापली घरे राखण्यासाठी तेथे भिंती बांधल्या, आणि त्या प्रमाणात दांड्याची उपासमार झाली, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून १९८९ ते १९९२ या काळात पाण्यात पन्नासाहून अधिक दगडी लाटारोधक उभारले, आणि तरीही बाहेरून वाळू आणून ओतावीच लागते. हिवाळ्यात तीरावर बर्फाचे ढीग साचतात तेव्हा लाटा त्यांवर आपटतात व किनारा वाचतो. ज्या वर्षी सरोवर गोठत नाही, त्या वर्षी तो उघडा पडतो. या भूमीवर होणारा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही, कारण हा दांडा गेला तर ईरीचे बंदरही उघडे पडेल.

पूर्व टोकास 'गल पॉइंट' आहे. तेथून आत चालत यावे तो प्रथम नागडी वाळू, मग गवत, मग कॉटनवुडची झाडे, आणि शेवटी दाट रान असा काही शतकांचा काळ पायांखालून जातो; ओटो जेनिंग्ज या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०९ साली त्याची तपशीलवार नोंद केली. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात टोकाकडचा भाग माणसांना बंद असतो. २०१७ साली तेथे पायपिंग प्लोव्हर या चिमुकल्या चिखल्याने साठाहून अधिक वर्षांनी पुन्हा घरटे केले. घरटे म्हणजे उघड्या वाळूत पोटाने दाबून केलेला उथळ खळगा; आणि त्यासाठी त्याला हवी असते ती नुकतीच वर आलेली, जिच्यावर गवताची एकही काडी अद्याप रुजली नाही, अशी वाळू.