फोनवरचं इंग्रजी? चार वाक्यं पुरे!

मैत्रिणींनो, परराज्यातल्या खरेदीदाराला इंग्रजीत फोन करायचा म्हणून बचत गटाची ऑर्डर सोडून देणाऱ्या बायका मी पाहिल्यात. खरं तर चार वाक्यं पुरतात. मी ती कागदावर लिहूनच फोन लावते. आधी आपलं नाव-गाव, मग ‘मे आय स्पीक टू द मॅनेजर, प्लीज?’ ‘आय वॉन्ट’ हुकूम सोडल्यासारखं वाटतं. म्हणून ‘आय वुड लाइक अ‍ॅन अपॉइंटमेंट’ म्हणावं. नाही कळलं तर ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ शेवटी वार-वेळ पक्की करावी, ‘ट्यूजडे, फोर फिफ्टीन, राइट?’ फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, तेव्हा ‘वन फाइव्ह’ की ‘फाइव्ह झीरो’ हे विचारूनच घ्यायचं. व्याकरण चुकलं तर कुणी हसेल फार तर. वेळ चुकली तर ऑर्डर जाते बाई!