डेटाबेस, सामायिक : दूरस्थ वापरातील दोषशोधन

एकाच माहितीसंचावर अनेक व्यक्ती दूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी काम करीत असताना उद्भवणाऱ्या बिघाडांचे मूळ शोधण्याची पद्धती. या व्यवस्थेत कार्यक्रम व माहिती ही दोन्ही मध्यवर्ती संगणकावर (सर्व्हरवर) असतात. वापरणाऱ्याकडे केवळ पडद्याचे चित्र येते व त्याच्याकडून कळफलक आणि माऊस यांचे संकेत जातात. विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ मध्ये निघाल्यावर ही सोय विंडोज वापरणाऱ्या लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आली. १९९२ मध्ये प्रसृत झालेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसाच्या बाबतीत ती विशेष उपयुक्त ठरते. ॲक्सेसमध्ये प्रत्येकाचा कार्यक्रम माहितीची फाईल स्वतःच वाचतो व लिहितो. त्यामुळे लेखन चालू असता जोडणी तुटल्यास फाईलच नादुरुस्त होण्याचा धोका असतो. दूरस्थ पडद्याच्या व्यवस्थेत जोडणी तुटली, तरी सर्व्हरवरील सत्र चालूच राहते.

मात्र पुष्कळ तक्रारींचे मूळ याच गुणात आहे. खिडकीच्या कोपऱ्यातील फुली दाबल्याने सत्र संपत नाही, केवळ जोडणी सुटते. फॉर्मवर ‘संपादित नोंद’ या प्रकारचे कुलूप योजले असेल, तर सायंकाळी अर्धवट सोडलेली नोंद दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यास बदलता येत नाही. असे सत्र सर्व्हरवरून बळाने संपविता येते. पण त्यातील न साठविलेला मजकूर नष्ट होतो, म्हणून प्रथम संबंधित व्यक्तीस विचारणे इष्ट असते. सुटलेली सत्रे ठराविक काळाने आपोआप संपविण्याची सोय आहे. ती मुदत फार थोडी ठेवल्यास हेच नुकसान रोज होते.

फाईल कोणी उघडली आहे, हे तिच्या शेजारी निर्माण होणाऱ्या कुलूप-फाईलीवरून कळावे अशी योजना आहे. तीत दरेक वापरणाऱ्यामागे ६४ बाइट असून त्यांतील ३२ संगणकाच्या व ३२ सुरक्षा-नावाकरिता असतात. एकाच सर्व्हरवरील सर्व सत्रांत संगणकाचे नाव एकच आणि सुरक्षा-नाव बहुधा ‘ॲडमिन’ असल्याने ही यादी येथे निरुपयोगी ठरते. त्याऐवजी सर्व्हरवरील सत्रांची व उघड्या फाईलींची यादी पाहावी लागते.

सर्वांनी फॉर्म व अहवाल असलेली एकच फाईल उघडणे, ही नेहमीची चूक होय. ती सर्व्हरवर सर्वांना दिसत असल्याने तसा मोह होतो. योग्य रीत अशी की, माहितीची सारणी एका फाईलीत व फॉर्म-अहवाल दुसऱ्या फाईलीत ठेवून, दुसरीची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या खात्यात द्यावी.

तारखांचा दोष अधिक फसवा असतो, कारण त्यात कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही. ॲक्सेसच्या एसक्यूएल भाषेत तारीख अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी, वाचली जाते. भारतीय मांडणीतील ०५/०४/२०२१ ही तारीख कार्यक्रमाने तशीच जोडली, तर ५ एप्रिलऐवजी ४ मे धरली जाते. पण २५/०४/२०२१ बरोबर वाचली जाते, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणून गफलत महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच आढळते. शिवाय प्रादेशिक मांडणी प्रत्येक खात्यात वेगळी असू शकते. साहजिकच तेच बटण एकास बरोबर व दुसऱ्यास चुकीचा हिशेब देते.

अहवाल विशिष्ट मुद्रकाशी बांधलेला असल्यास तो अडतो, कारण पुनर्निर्देशित मुद्रकाच्या नावात सत्राचा क्रमांक येतो व तो बदलतो. अहवाल मूळनिर्धारित मुद्रकावर ठेवणे हा त्यावरील साधा उपाय होय.

फाईल खरोखरच बिघडली असल्यास सर्वांना बाहेर काढून प्रथम तिची प्रत घ्यावी व संक्षेप-दुरुस्तीची क्रिया त्या प्रतीवर करावी. या क्रियेत वाचविता न आलेल्या नोंदी गळू शकतात. फाईलीची कमाल मर्यादा २ जीबी आहे. ती जवळ आल्यास माहिती एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसात हलवितात; ॲक्सेसमधील फॉर्म त्यानंतरही वापरता येतात.