गाळप

चुडाव्याला आत्याच्या स्वयंपाकघरात विळी मांडून नारळ खवत बसलो होतो. आत्यानं विचारलं, "काय करायलास रे?" म्हटलं, पिना कोलाडा. "म्हंजे?" म्हटलं, स्पॅनिश शब्द आहे. पिना म्हणजे अननस आणि कोलाडा म्हणजे गाळलेला. ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या शेजारच्या काकांनी एवढा एकच शब्द उचलला. पेपर खाली न करताच म्हणाले, "गाळलेली? कुठं गाळली?"

चूक त्यांची नाही, मराठीची आहे. आपण चहा गाळतो, घाम गाळतो, आसवं गाळतो. कारखाना ऊस गाळतो आणि ओढ्याकाठी कुणी दारू गाळतो. एकाच क्रियापदात एवढी माणसं कामाला लावणारी भाषा दुसरी असेल असं वाटत नाही. दिवाळी सरली की या पट्ट्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द 'गाळप' असतो. गाळप कधी सुरू होणार, टोळी कधी येणार, आपल्या फडाचा नंबर कधी. अशा गावात 'गाळलेला अननस' या नावाचं पेय पहिल्याच वाक्यात संशयात सापडलं, यात नवल नाही.

चुडावा परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात. निजामाच्या काळात टाकलेल्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर पूर्णा जंक्शन सोडलं की चुडावा, मग लिंबगाव, मग नांदेड. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालवे आले आणि ज्वारी-कापसाच्या या काळ्या रानात ऊस उभा राहिला. वसमतकडं हळद, अर्धापूरकडं केळी, मध्ये ऊस. नारळाचं झाड मात्र नावाला. अननसाचं तेवढंही नाही.

त्यामुळं या पेयाचा हिशेब इथं गमतीशीर होतो. त्यात लागतात तीन गोष्टी : नारळ, अननस आणि रम. पहिल्या दोन लांबून येतात, पण घरात मानानं येतात. नारळ ओटीत येतो, देवापुढं फुटतो. अननस पाहुण्यांसाठी शिऱ्यात पडतो. तिसरी गोष्ट बांधावरच्या उसातून निघते आणि तीच पेपरात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी घालून, अंधार पडल्यावर आणावी लागते. आत्याची अट एकच होती. ओटीचा नारळ यात घालायचा नाही. मी दोन नारळ विकत आणले.

आता या पेयाचं घराणं. अधिकृत म्हणावी अशी कहाणी प्वेर्तो रिकोच्या सान हुआन शहरातली. तिथलं कॅरिब हिल्टन हॉटेल १९४९ साली उघडलं. त्याच्या बारमध्ये रामोन मारेरो नावाचा, 'मोंचितो' म्हणून ओळखला जाणारा माणूस काम करत होता. हॉटेल म्हणतं, हे पेय त्यानंच केलं, तारीख १५ ऑगस्ट १९५४. म्हणजे ज्या दिवशी आपल्याकडं 'ड्राय डे' असतो, नेमक्या त्या दिवशी याचा जन्म. त्याच शहरातलं बाराचिना हे उपाहारगृह म्हणतं, छे, आमच्याकडं १९६३ साली झालं. रॉबर्तो कोफ्रेसी नावाचा समुद्री चाचा आपल्या खलाशांना असंच काहीसं पाजायचा आणि १८२५ साली तो मेला तेव्हा कृतीही त्याच्याबरोबर गेली, अशी एक दंतकथाही आहे. वडापाव पहिल्यांदा कुणी लावला यावर वाद घालणाऱ्या महाराष्ट्राला हे भांडण समजावून सांगायची गरज नाही. १९७८ साली प्वेर्तो रिकोनं पिना कोलाडा हे आपलं राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर करून टाकलं आणि तेवढ्यापुरता वाद मिटवला.

माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा बारवाल्यांना नव्हे, एका प्राध्यापकाला जायला हवा. रामोन लोपेझ इरिझारी हे प्वेर्तो रिको विद्यापीठात शेतीशास्त्र शिकवत. नारळ फोडा, खवा, पिळा, या कटकटीला कंटाळलेल्या घरांसाठी त्यांनी नारळाचा घट्ट रस साखर घालून टिकाऊ केला. 'कोको लोपेझ' या नावानं तो डब्यात भरून विकला जाऊ लागला आणि मग बारमध्ये सेकंदात नारळ ओतता येऊ लागला. डबा आला नसता तर मोंचितोला विळीवर बसावं लागलं असतं.

याहून जुना इतिहास मात्र अधिक रंजक आहे, कारण त्यात आपण आहोत. कोलंबस १४९३ मध्ये दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्यानं उसाची बेणी सोबत नेली. त्याच सफरीत ग्वादलूप बेटावर त्याला अननस भेटला. ऊस मुळात आशियातला. त्यापासून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात रुजली, वाढली. 'शुगर' हा शब्दही आपल्या शर्करेचाच नातू. नारळाचंही तसंच. वास्को द गामा हिंदी महासागरात उतरल्यानंतर पोर्तुगीज जहाजांबरोबर तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला आणि तिथून कॅरिबियन बेटांवर गेला. अटलांटिकच्या बाजूचे नारळ हिंदी महासागरातल्या वाणाचे आहेत, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही दिसलं. उलट दिशेनं पोर्तुगीजांनी काजूबरोबर अननस गोव्याला आणला. त्याचं नावही ब्राझीलच्या तुपी लोकांचंच, आपण ते जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं. थोडक्यात, तिघांपैकी दोघं इकडून तिकडं गेले आणि एक तिकडून इकडं आला. त्या बेटांवरच्या उसामागं आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांचा घाम आहे. तोही गाळलेलाच.

रम निघते मळीतून. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर जो काळा, चिकट पाक उरतो ती मळी. बार्बाडोसमध्ये सतराव्या शतकात मळेवाल्यांना कळलं की हा पाक पाणी घालून आंबवला आणि भट्टीवर चढवला की चांगला पैसा देतो. आपल्याला हे नवीन नव्हतं. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितलेत त्यातली गौडी ही गुळाची. निषेध करण्यासाठी का होईना, यादी आहे.

आजचा ढोबळ हिशेब असा. एक टन ऊस गाळला की साधारण शंभर किलो साखर आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी. एक टन मळीतून अडीचशे लिटरच्या आसपास अल्कोहोल. म्हणजे टनभर उसामागं दहा-अकरा लिटर, आणि पाणी घालून बाटलीच्या ताकदीला आणलं तर सुमारे तीस बाटल्या. अलीकडं यातला मोठा हिस्सा इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो, त्यामुळं चुडाव्याचा ऊस पिण्याआधीच मोटारसायकल पिऊन टाकते. उरलेल्याचं काय होतं? देशी दारू होते, रम होते आणि आपल्याकडची पुष्कळशी स्वस्त 'व्हिस्की'सुद्धा होते. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, मळीच्या दारूला तिथं त्या नावानं विकता येत नाही. आयुष्यभर रमला नाक मुरडून व्हिस्की पिणारे आमच्याकडचे कित्येक सद्गृहस्थ मळीचंच पीत आलेत. आणि हजेरी संपल्यावर मजूर जी 'देशी संत्रा' घेतो ती काय आहे? मळीची दारू आणि फळाचा वास. पिना कोलाडाची गरीब चुलतबहीणच.

बाटलीवर '४२.८ टक्के' आणि शेजारी '२५ यू.पी.' असं लिहिलेलं असतं. त्याचा उत्तर प्रदेशाशी संबंध नाही. जुन्या ब्रिटिश मोजणीत ठरावीक ताकदीच्या दारूला 'प्रूफ' म्हणत, त्याहून २५ अंश खाली, म्हणजे 'अंडर प्रूफ', एवढाच अर्थ. गावात रम म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती काळी, मिलिटरीतून सुट्टीवर आलेल्या फौजीनं कँटीनमधून आणलेली किंवा ओल्ड मंक. योगायोग पाहा, ओल्ड मंकही १९५४ चीच. पिना कोलाडाला खरं तर पांढरी रम लागते. काळी घातली की त्यातल्या करपलेल्या साखरेच्या रंगानं पेय दुधाच्या चहासारखं दिसतं. पण चवीला? मला तीच आवडली. जळक्या गुळाची आणि व्हॅनिलाची झाक नारळाशी छान जमते. हॉटेलातल्या शुभ्र ग्लासाला शोभा जास्त, एवढंच.

आता कृती. घरी करायची म्हणजे मिसळायची, गाळायची नाही, हे काकांनाही सांगून झालं. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. विकत घेऊन पिणाऱ्याला परवाना लागतो आणि अशा कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं. भट्टी लावणं हा सरळ गुन्हा.

आधी नारळ. एक मोठा नारळ खवून पाऊण कप कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढायचा आणि पातळ धोतराच्या फडक्यातून पिळायचा. कोकणी माणूस ज्याला पहिला, जाड रस म्हणतो तेवढाच घ्यायचा. दुसरा, पातळ रस आमटीला ठेवावा. जाड रस वाटीभर असेल तर पाऊण वाटी साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत हलवत राहायचं. उकळी येऊ द्यायची नाही, रस फुटतो. हाच आपला घरचा कोको लोपेझ. आत्यानं बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "ह्याच्यात शेवया टाकल्या असत्या तर बरं झालं असतं."

अननस नांदेडच्या बाजारातून आणला होता. देठाशी वास येत नसेल तर घेऊ नये. सोलून, मधला दांडा काढून निम्म्या फोडी रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या, निम्म्यांचा रस काढून गाळला. इथं 'कोलाडा' शब्द सार्थ होतो. गोठलेल्या फोडींमुळं बर्फ कमी लागतो आणि पेय पाणचट होत नाही.

एक सापळा आहे. मोंचितोच्या मूळ कृतीत नारळाबरोबर गाईच्या दुधाची घट्ट सायही होती. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. अननस खाऊन जीभ चुरचुरते ती बऱ्याच अंशी त्याचीच करामत. दुधा-सायीत ताजा अननस पडला की थोड्या वेळात कडवट होतं. डब्यातला अननस शिजलेला असल्यानं त्यात ही भानगड नसते. साय घालायचीच असेल तर रसाला उकळी काढून गार करावा, गोठवून विकर मरत नाही. नारळाच्या रसात प्रथिनं कमी, तिथं निभावतं. मी साय वगळली. मराठवाड्यात साय लोण्यासाठी असते, प्रयोगासाठी नाही.

एका ग्लासाला रम ५० मिली, नारळाचा गोड रस ४५ मिली, अननसाचा रस ९० मिली आणि मूठभर गोठलेल्या फोडी. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण याहून आखूड आहे : ५० रम, ३० नारळ, ५० अननस. मी चवीप्रमाणे वाढवलं. गोठलेल्या पेयात गोडी दबते, म्हणून आधी जरा जास्त गोड वाटलं तरी घाबरू नये. चार थेंब लिंबू मात्र हवंच. क्रमही महत्त्वाचा. नारळाचा रस आणि अननसाचा रस आधी साध्या तापमानाला एकजीव करायचा, मग गार गोष्टी. खोबरेल हिवाळ्यात बाटलीत थिजतं ना, तसाच नारळाचा स्निग्धांश एकदम गार पडला की कणी धरतो आणि जिभेला मेणासारखा लागतो.

राहिला मिक्सर. तिकडच्या बारला ब्लेंडर लागतो, आपल्याकडं त्याहून दणकट यंत्र घरोघरी आहे. सीमेन्समधले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढं टिकेना, म्हणून त्यांनी नवी मोटर बनवली आणि १९६३ मध्ये 'सुमीत' सुरू झाला. ओल्या खोबऱ्याचं आणि सुक्या मिरचीचं वाटण ज्याच्या नशिबी आहे त्या पात्याला अननसाच्या फोडी म्हणजे सुट्टीच. बर्फ मात्र अख्खा टाकू नये, फडक्यात बांधून वरवंट्यानं ठेचून घ्यावा. अर्धा मिनिट फिरवलं की पांढरा फेस वर येतो. वीज त्या दिवशी दोनदा गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा भांडं भरलेलं होतं आणि आम्ही अंधारात, ते वितळण्याआधी वीज येईल का, याची वाट पाहत बसलो. आली.

वरून आत्याच्या मसाल्याच्या डब्यातलं जायफळ किसलं. ही माझी कल्पना नव्हे, व्हर्जिन बेटांवरच्या 'पेनकिलर' नावाच्या पेयाची आहे. तेही रम, अननस, नारळ आणि थोडं संत्रं. आत्याचा ग्लास बिनरमचा, आधीच वेगळा काढला होता. तिनं घोट घेतला, थांबली, म्हणाली, "श्रीखंडासारखा वास येतोय." काकांनी रमचा ग्लास घेतला. पहिल्या घोटाला ते म्हणाले, यात काहीच नाही. गोडात दारू लपते आणि पिणारा सरबत समजून पितो, ही या पेयाची खरी खोड. दुसरा ग्लास मागितला तेव्हा मी फोडी जास्त आणि रम कमी घातली. त्यांना कळलं नाही, किंवा कळून बोलले नसतील.

ओट्यावर चोथा उरला. कारखान्यात उसाचा चोथा बॉयलरमध्ये जातो आणि त्यावरच कारखाना चालतो. इथं नारळाचा चोथा आत्यानं तव्यावर कोरडा भाजला, लसूण आणि लाल तिखट घालून कुटला, चटणी झाली. अननसाची सालं मी टोपलीत घालून गोठ्यात नेली. म्हशीनं हुंगलं, एक साल दाढेखाली धरली आणि परत टाकून कडब्याकडं तोंड फिरवलं.