होशंगाबादचं विज्ञान

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) १९७२ साली १६ सरकारी शाळांमध्ये सहावीपासून विज्ञान नव्या पद्धतीने शिकवायला सुरुवात झाली. व्याख्या पाठ करायच्या नव्हत्या, गुरुजींनी धडा वाचून दाखवायचा नव्हता. चार-चार मुलांच्या टोळ्या, त्यांच्यापुढे साहित्य, आणि प्रयोग केल्याशिवाय पुढे सरकूच न देणारं पुस्तक, ज्याचं नाव पुढे ‘बाल वैज्ञानिक’ झालं. फूल उकलून पाहायला सुई हवी, ती कुठून आणायची? बाभळीचा काटा तेच काम करतो आणि फुकट मिळतो.

रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची संस्था आणि बनखेडीजवळची किशोर भारती, या दोघांनी सरकारकडून परवानगी मिळवून हे काम उभं केलं. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं संशोधन सोडून खेड्यात आले होते. त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवून पाहिलं होतं. ती शिदोरी होशंगाबादला आली. सुरुवातीच्या काळात यशपाल यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ शिक्षकांसोबत बसले. मग दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक या कामात उतरले. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना त्यासाठी फेलोशिप दिल्या. खेड्यातल्या सहावीच्या वर्गासाठी दिलेला वेळ हे प्राध्यापकाचं अधिकृत काम ठरलं, सुट्टीतली समाजसेवा नव्हे. मला या साऱ्या कहाणीत हा निर्णय फार मोठा वाटतो.

आपल्याकडे विद्यापीठ आणि शाळा एकत्र येतात ते बहुधा एखाद्या व्याख्यानापुरते. पाहुणे येतात, बोलतात, हार घेऊन जातात. होशंगाबादला प्राध्यापकांनी धडे लिहिले, उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात ते शिक्षकांकडून करवून घेतले, मग वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिलं की मुलं नेमकी कुठे अडतात. शिक्षक दर महिन्याला एकत्र जमत आणि कुठला प्रयोग फसला, कुठल्या सूचनेचा अर्थ मुलांनी भलताच लावला, हे मांडत. त्यातून धडे पुन्हा लिहिले जात. प्रशिक्षण देणाऱ्यांमध्ये हळूहळू याच शाळांमधले शिक्षकही आले. शिक्षकाने ‘मला माहीत नाही, करून पाहू’ म्हणणं इथे कमीपणाचं राहिलं नाही, कारण समोरचा प्राध्यापकही तेच म्हणत होता.

गणित या कामात वेगळा विषय म्हणून आलं नाही, विज्ञानाच्या गरजेतून आलं. एकाच बाकाची लांबी दहा मुलांनी मोजली तर दहा आकडे एकसारखे येत नाहीत. एरवी शिक्षक एक आकडा बरोबर ठरवून बाकीच्यांवर फुली मारतो. ‘बाल वैज्ञानिक’मध्ये या घट-बढीवरच धडा होता. आकडे का वेगळे आले, कितपत फरक चालेल, कुठला आकडा धरायचा, याची चर्चा मुलांनीच करायची. संभाव्यतेचाही धडा होता. नाणं पुन्हा पुन्हा उडवायचं, छापा किती वेळा पडला ते टिपायचं, आणि सगळ्या टोळ्यांचे आकडे एकत्र केल्यावर काय होतं ते पाहायचं. दहा वेळा उडवल्यावर सात छापे पडले म्हणून चकित झालेलं मूल शंभर, पाचशे वेळा उडवल्याचा हिशोब मांडतं, तेव्हा प्रमाण निम्म्याकडे सरकताना त्याला स्वतःच्या वहीत दिसतं. संभाव्यता शिकवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

परीक्षा बदलली नसती तर हे सगळं पहिल्याच वर्षी वाहून गेलं असतं. आठवीच्या बोर्डाच्या परीक्षेत या शाळांना विज्ञानाची वेगळी प्रश्नपत्रिका मिळाली. पुस्तक उघडून उत्तरं लिहायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. पुस्तक समोर असताना व्याख्या विचारण्यात अर्थच उरत नाही. न पाहिलेली आकडेवारी देऊन त्यातून काय निघतं ते विचारावं लागतं. असा प्रश्न काढणं कठीण आणि तपासणं त्याहून कठीण. तो भार शिक्षक आणि प्राध्यापकांनी मिळून उचलला.

मुलांचे प्रश्न मात्र पुस्तकात मावत नव्हते. त्यांच्यासाठी ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र तयार झालं. मुलं त्याला पत्रं लिहीत आणि प्रत्येकाला उत्तर जावं अशी धडपड असे.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सर्व शाळांमध्ये पोचला. त्याच वर्षी अरविंद गुप्ता हे अभियंते पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी काडेपेटीच्या काड्या जोडण्याची त्यांची युक्ती तिथली. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात, हे मुलाला हाताने कळतं.

१९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली ती हे काम सांभाळायला आणि वाढवायला. दिल्ली विद्यापीठातली नोकरी सोडून विनोद रैना तिच्यात आले. पुढच्या वीस वर्षांत कार्यक्रम पंधराएक जिल्ह्यांत पसरला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला आणि या शाळांना इतर शाळांचंच पुस्तक लावलं. तीस वर्षं शिक्षक, शास्त्रज्ञ आणि मुलांनी मिळून पुन्हा पुन्हा लिहिलेलं पुस्तक एका आदेशाने वर्गाबाहेर गेलं. तो निर्णय चुकीचा होता असं माझं स्पष्ट मत आहे. कार्यक्रमात उणिवा होत्याच. प्रत्येक शाळेत साहित्य वेळेवर पोचत नव्हतं, बदली होऊन आलेल्या शिक्षकाचं प्रशिक्षण झालेलं नसे. पण या दुरुस्त करता येण्याजोग्या गोष्टी होत्या, आणि त्या दुरुस्त करणारी माणसं जिल्ह्यातच हजर होती. विद्यापीठाने प्राध्यापक दिले, शिक्षकांनी आयुष्याची वर्षं दिली. शिक्षण खात्याने मात्र कार्यक्रम शेवटपर्यंत पाहुण्यासारखा वागवला.

महाराष्ट्रात या कामाचा धागा दोन ठिकाणी सहज हाती लागतो. ‘एकलव्य’च्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकावरून प्रेरणा घेऊन पुण्यात पालकनीती परिवाराने ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी नियतकालिक सुरू केलं. आणि अरविंद गुप्तांनी पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेमध्ये, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन शाळेच्या मुलांबरोबर अनेक वर्षं काम केलं.