बॉनेटखालची छोटी डबी

मैत्रिणींनो, लोणच्यावर तेल आलंय की नाही हे आपण बरणीकडे नुसतं बघून सांगतो. मग बॉनेटखालच्या एका डबीतलं तेल बघायला घरातल्या पुरुषांची वाट कशाला?

माझं माहेर सातारा, सासर सांगली. पेठ नाका, कऱ्हाड करत ये-जा मीच गाडी चालवत करते. आमची गाडी जुनी, पॉवर स्टिअरिंग तेलावर चालणारं. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे काम विजेची मोटर करते, तिथे ही डबी नसतेच. तेव्हा आधी गाडीचं पुस्तक बघा.

तेलाच्या गाडीत इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेल दाबाने पुढे ढकलतो आणि तो दाबच आपल्या हातांचा भार उचलतो. तेल तपासायचं ते गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद ठेवून. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा. डबीवर किमान-कमाल खुणा असतात, काहींवर गार आणि गरम तेलाच्या वेगळ्या. तापलं की तेल फुगतं, म्हणून काठोकाठ भरू नका.

खरी गोम पुढेच आहे. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली म्हणजे कुठेतरी गळतंय! पाइपच्या जोडाला, नाहीतर सीलला. 'वरून टाकलंय ताई, आता काळजी नाही' म्हणणाऱ्या मिस्त्रीला मी आधी गळती दाखव म्हणते. तेल पुस्तकात सांगितलेलंच घाला. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, त्याने आतले रबरी सील खराब होतात. तेल काळपट, करपट वासाचं झालं तर बदलायचं. फेस दिसला तर आत हवा शिरतेय.

सांगलीच्या गणपती पेठेत गाडी लावताना स्टिअरिंग पार टोकापर्यंत वळवून आपण तसंच धरून ठेवतो. तेव्हा दाब सगळ्यात जास्त, तेल तापतं. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. वळवताना घूं घूं आवाज आला तर डबी बघायची वेळ झाली.

आणि कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे काका-भाऊजी तुमच्याही घरात असतील. त्यांना जरूर सांगा, इंजिन थांबलं की पंप थांबतो आणि नेमक्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकच! शिवाय इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरल्या तर इंजिन पेट्रोल जवळजवळ घेतच नाही. म्हणजे वाचलं काय, तर काही नाही.

चालत्या गाडीत स्टिअरिंग अचानक जड झालं, तरी ते वळतं, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, गाडी कडेला घ्या आणि मग बॉनेट उघडा.