पोटाला पट्टा बांधला, पाय नाही

माझ्या भाचीची बाळंतपणाची तारीख उलटून गेली, म्हणून डॉक्टरांनी कळा येण्यासाठी सलाईन लावले. पोटाला दोन पट्टे बांधले आणि शेजारच्या यंत्रातून कागद सरकू लागला. हलले तर बाळाला इजा होईल, या भीतीने पोर चार तास उताणी पडून राहिली. मी जवळच होते, मलाही तसेच वाटले. शेवटी सिस्टरना विचारले. त्या म्हणाल्या, "अहो, बसू द्या की तिला! पट्टे मी नीट करते." चार तास गेले ते आम्ही विचारले नाही म्हणून.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी मुली अशाच गप्प राहतात. म्हणून हे लिहिते.

आधी यंत्राचे काम समजून घ्या. ऑक्सिटोसिनच्या सलाईनने कळा कधी कधी फार जोराच्या आणि लागोपाठ येतात. मध्ये उसंत मिळाली नाही तर बाळाला प्राणवायू कमी पडतो. एक पट्टा बाळाचे ठोके टिपतो, दुसरा कळा. ठोके बिघडले तर सलाईन कमी किंवा बंद करता येते. तेव्हा पट्टा काढा, असा हट्ट धरू नये.

पण उताणे पडून राहणेही बरे नाही. गर्भाशयाचे ओझे पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडते आणि बाळाकडे जाणारे रक्त कमी होते. यंत्राची वायर पुरेल तेवढ्या जागेत खाटेच्या कडेला बसता येते, खुर्चीवर बसता येते, उभे राहून खाटेवर हात टेकता येतात. थकवा आला तर कुशीवर निजावे. पट्टा सरकून ठोके उमटेनासे झाले तर सिस्टरना हाक मारावी. काही मोठ्या रुग्णालयांत बिनतारी यंत्रे असतात, ती लावून चालताही येते.

२०१३ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेण्यात आला. कळांच्या पहिल्या टप्प्यात उभ्या-बसत्या राहिलेल्या बायकांचा तो टप्पा सरासरी तासाभराहून अधिक लवकर आटोपला, असे त्यात दिसले. धोका नसलेल्या बाईला कळांमध्ये हिंडू-फिरू द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली सांगितले.

मात्र रक्तस्राव होत असेल, रक्तदाब फार वाढला असेल, बाळाचे डोके वर असताना पाणी फुटले असेल किंवा कमरेत भुलीचे इंजेक्शन दिले असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उठू नये. कळांसाठी आत औषध ठेवल्यावरही सांगतील तितका वेळ पडून राहावे.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एका बाईमाणसाला थांबू देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१६ साली स्वीकारले आहे. आई, सासू, नणंद, जी कोणी जवळ थांबेल तिने एवढे एक वाक्य पाठ करून जावे: "सिस्टर, हिला उठून बसवू का?" नाही म्हणाल्या तर कारण विचारावे. विचारण्यात लाज कसली?