कुंपण ओलांडणारा बांबू

गडबला आमच्या घरामागे बांबूचे एक बेट आहे. अब्बांनी ते लावले तेव्हा कुंपणापासून तीन हात जागा सोडली होती, आणि त्या वेळी ती भरपूर वाटली. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांच्या न्हाणीजवळ चार कोंब वर आले. मधल्या गडग्याचे दगड तर आधीच सरकलेले होते. पाला पडून त्यांची पन्हळ तुंबली आणि एका रात्रीच्या पावसात पाणी त्यांच्या पडवीत शिरले. सकाळी काका दारात आले आणि एवढेच म्हणाले, "मास्तर, तुमच्या बांबूचं काहीतरी बघा."

आमच्याकडे त्यांची पडवी साफ करण्याइतकी शरम होती. मग विचारले, "काका, कोंब तुमच्या जागेत आले होते, तोडले का नाहीत?" त्यावर म्हणाले, "फॉरेस्टवाले विचारतील ना. आणि बेट तुमच्या अब्बांचं."

पहिल्या भीतीबद्दल आधी सांगतो, कारण ती अनेक घरांत आहे. भारतीय वन अधिनियम 1927 मध्ये बांबूची गणना वृक्षात होती, त्यामुळे स्वतःच्या परसातला बांबू तोडतानाही माणूस बिचकत असे. नोव्हेंबर 2017 मध्ये अध्यादेश निघाला, पुढे संसदेने कायदा केला आणि बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. खाजगी जमिनीत लावलेल्या बांबूला आता तोडीची परवानगी लागत नाही. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर ही झाडे आहेत, बांबू नाही. वनजमिनीतल्या बांबूची गोष्ट मात्र वेगळी, तिथे हात लावू नये.

मग शेजाऱ्याच्या हद्दीत शिरणाऱ्या बांबूसाठी काही नियम? गावपातळीवर असा खास नियम आमच्या पाहण्यात नाही. अमेरिकेत तो आहे. कनेक्टिकट राज्याने 2013 मध्ये कायदा केला, की धावरा बांबू लावणाऱ्याने तो आपल्या हद्दीत रोखावा, आणि शेजाऱ्याचे नुकसान झाले तर भरपाईही त्यानेच द्यावी. त्या बांबूचे कंद जमिनीखालून लांबवर धावतात. आपल्याकडचा कळक किंवा मेस तसा धावत नाही. त्याचे कंद आखूड, दरवर्षी थोडे थोडे बाहेर सरकणारे. एका वर्षात ते कळत नाही, वीस वर्षांत कुंपण गिळले जाते. म्हणूनच आपण गाफील राहतो.

खास नियम नसला तरी हक्क आहे. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी किंवा मूळ आपल्या जागेत आले तर आपल्या हद्दीपुरते ते छाटता येते, हे आपली न्यायालये इंग्रजी अमलापासून मानत आली आहेत. फक्त त्यासाठी त्याच्या जागेत पाऊल टाकायचे नाही, आणि तोडलेला बांबू त्याचा त्याला द्यायचा. उस्मानी तुर्कांच्या 'मजल्ला' या हनफी फिक्हवर आधारलेल्या कायदेसंहितेतही हाच मुद्दा आहे: शेजाऱ्याच्या घरावर आलेल्या फांद्या बांधून घ्यायला किंवा तोडायला लावता येतात, पण नुसती सावली पिकाला बाधते म्हणून अख्खे झाड तोडायला लावता येत नाही. आम्हाला हा भेद फार समंजस वाटला.

वीतभर जमीन बळकावणाऱ्याबद्दल हदीसमध्ये किती कडक इशारा आहे, ते आपण लहानपणापासून ऐकतो. आम्ही काही बळकावत नव्हतो, बेट बळकावत होते. पण बेट कोणाचे?

बोलून मिटले नाही तर वाटा आहेत. मुळात हद्द कुठे आहे यावरच वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. त्याआधी कोयता उचलू नये. बांबू सार्वजनिक रस्त्यावर आला असेल तर ग्रामपंचायतीला अडथळा काढता येतो. शेतातला पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला गेला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येते, पण सहा महिन्यांच्या आत. झाड कोसळून माणसांना इजा होण्याची भीती असेल तर कार्यकारी दंडाधिकारी ते हटवण्याचा आदेश देऊ शकतात. ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. 3 जून 2020 चे निसर्ग वादळ पाहिलेल्या रायगडकराला ही भीती समजावून सांगायला नको. गावात तंटामुक्त समिती असेल तर तिथेही बसता येते. तारांवर वाकलेल्या बांबूला मात्र स्वतः हात लावू नका, महावितरणला कळवा.

आमच्या घरात दोन मते पडली. धाकटा भाऊ म्हणाला, मुळापासून काढून टाकू. आम्हाला ते जमेना. वस्तीत कुणाची मय्यत झाली की कबरीवर आडवे टाकायचे बांबू याच बेटातून जात. अब्बांच्या इंतिकालाच्या दिवशी घरातले कोणी भानावर नव्हते. तेव्हा ते बांबू तोडून, मापाने कापून देणारे हेच काका होते.

शेवटी अर्धे बेट काढायचे ठरले. पाऊस संपल्यावर काकांच्या बाजूचे सगळे बांबू तोडले आणि पहार, कुदळ घेऊन कंद उकरले. हे काम सांगण्याइतके सोपे नाही. दोन गडी चार दिवस लागले. नुसते बुंध्याशी तोडून सोडले तर पुढच्या पावसात पुन्हा कोंब येतात. मग हद्दीपासून आत पाच हातांवर दोन फूट खोल चर खणून मोकळा ठेवला. त्यात कंद उघडा पडला की लगेच तोडता येतो. गडगा आमच्या खर्चाने रचून दिला. सगळे एका कागदावर लिहिले, खाली दोघांच्या सह्या. काका हसत होते, "आपल्यात कागद कशाला?" आम्ही म्हणालो, आपल्यासाठी नाही, मुलांसाठी.

नव्याने बांबू लावणाऱ्यांनी एवढे पाहावे. सरकार आता लागवडीला प्रोत्साहन देते, 2019 पासून अटल बांबू समृद्धी योजना आहे. दोन बेटांत साधारण पाच मीटर अंतर ठेवतात. मग शेजाऱ्याच्या कुंपणापासून निदान तेवढे का ठेवू नये?

या जूनमध्ये चराच्या पलीकडे तीन कोंब आले. काकांनी हाक मारली, आम्ही कोयता घेऊन गेलो. काकूंनी ते पाणी बदलून दोनदा उकडले आणि भाजी केली. एक डबा संध्याकाळी आमच्याकडे आला.